सत्ताविभाजन बदलणारं घटनादुरुस्ती विधेयक: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी घटनादुरुस्ती ऑगस्ट २०१४ मध्ये लोकसभेत ३६७ विरुद्ध शून्य अशी मंजूर झाली. राज्यसभेतही विरोधात एक मत पडलं नाही. १६ राज्यांच्या विधिमंडळांनी तिला मंजुरी दिली. तरीही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती चार विरुद्ध एक मतानं रद्द केली. संसद, सरकार आणि न्यायालय यांच्यातल्या अधिकारांची वाटणी बदलायला नुसतं संख्याबळ का पुरत नाही, हे या एका उदाहरणावरून कळतं.

अशा मसुद्यांमध्ये चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्या. आधी मजकूर लिहिला जातो, मग त्याला लागू होणारी कलमं शोधली जातात, आणि राज्यांची मंजुरी लागेल का हा प्रश्न अगदी शेवटी येतो. खासदारांसाठी काम करणारे संशोधन सहाय्यक, पक्षांचे अभ्यासगट, नागरी संघटना आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी हे काम ज्या क्रमानं करायला हवं, तो खाली दिला आहे. सोबत एक चालतं उदाहरण घेतलं आहे: तोच वटहुकूम (म्हणजे अध्यादेश, सभागृहाची बैठक चालू नसताना सरकारनं काढलेला तात्पुरता कायदा) पुन्हा पुन्हा काढायला घटनेतच बंदी घालायची. बदल लहान आहे, पण जवळपास सगळे सापळे त्याच्या वाटेत येतात.

टप्पा १. तक्रार एका वाक्यात, कलमासकट लिहा

‘सरकार फार ताकदवान झालंय’ या वाक्यावरून विधेयक लिहिता येत नाही. वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोण, कोणत्या कलमाखाली, काय करतो, आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचं कोणतं काम अडतं. आपल्या उदाहरणात ते असं होईल: ‘राष्ट्रपती कलम १२३ खाली आणि राज्यपाल कलम २१३ खाली, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, सभागृहानं मंजूर न केलेला वटहुकूम पुन्हा काढतात, त्यामुळे मतदान न होताच कायदा चालू राहतो.’

मग पुरावा जोडा. या विषयातला सर्वात भक्कम पुरावा पुण्यातून आला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं चाळून दाखवलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथं २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढले गेले आणि त्यांतले काही १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं या प्रकाराला घटनेशी केलेली फसवणूक ठरवलं.

इथं थांबून स्वतःला विचारा: न्यायालयानं आधीच बंदी घातली असेल, तर दुरुस्ती कशाला? याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं, कारण विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीत पहिला प्रश्न हाच येतो. १९८६ च्या निकालानं एक फट ठेवली होती: सभागृहापुढे कामाचा फार बोजा असेल तर अपवाद चालू शकेल. २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठानं भूमिका आणखी कडक केली, वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक ठरवलं. त्यानंतरही तिहेरी तलाकविषयीचा सप्टेंबर २०१८ चा वटहुकूम जानेवारी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा काढला गेला. म्हणजे निकाल आहे, पण आधीच रोखणारा लेखी नियम नाही. एवढं सिद्ध झालं की दुरुस्तीची गरजही सिद्ध होते.

*तपासणी:* हेच काम सभागृहाच्या नियमांत (कलम ११८ आणि २०८) किंवा साध्या कायद्यानं होतं का? होत असेल तर घटनेला हात लावू नका. आपल्या उदाहरणात ते होत नाही, कारण राष्ट्रपतींना घटनेनं दिलेला अधिकार साध्या कायद्यानं कापता येत नाही.

टप्पा २. अधिकारांचा नकाशा काढा

मोठा कागद घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. बदल ज्या ज्या अधिकाराला शिवतो त्याची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीसमोर सात रकाने: सुरुवात कोण करतो, संमती कुणाची लागते, नकार कोण देऊ शकतो, मुदत किती, पैसा कुठून येतो, पदावरून कोण काढतो, आणि न्यायालयात आव्हान कोणत्या कलमाखाली जातं.

मुदतीचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि नंतर पस्तावतात. राज्यपालांनी विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यावा हे कलम २०० सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायाधीशांनी मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत दिलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालय लादू शकत नाही आणि मुदत संपली म्हणून संमती गृहीतही धरता येत नाही. तुम्हाला मुदत हवी असेल तर ती मजकुरातच आकड्यानं लिहावी लागेल, आणि मुदत उलटल्यावर काय होणार तेही.

पैशाचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. नेमणूक स्वतंत्र समितीकडे दिली, पण अंदाजपत्रक मंत्रालयाच्या मर्जीवर ठेवलं, तर संस्था कागदावरच स्वतंत्र राहते. खर्च संचित निधीवर भारित आहे की दरवर्षी मतदानाला येणार, हे कलम ११२(३) च्या यादीशी ताडून पाहा. पदावरून काढण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीच्या कलम १२४(४) सारखी कडक हवी की सौम्य, हेही आत्ताच ठरवा. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांना कलम १४८ नं तेच संरक्षण दिलेलं आहे, तो नमुना डोळ्यांसमोर ठेवा.

वटहुकुमाच्या उदाहरणात नकाशा काढला की तीन गोष्टी उघड होतात. पहिली, कलम १२३ आणि २१३ एवढंच बदलून चालत नाही. पुद्दुचेरीच्या प्रशासकाचा वटहुकुमाचा अधिकार कलम २३९ख मध्ये आहे. दुसरी, वटहुकुमाचं जास्तीत जास्त आयुष्य दोन मुदतींच्या बेरजेतून येतं: कलम ८५ नुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि पुन्हा बैठक भरल्यापासून सहा आठवड्यांनी वटहुकूम संपतो. तिसरी, कलम १२३(२)(ख) खाली राष्ट्रपती वटहुकूम केव्हाही मागे घेऊ शकतात. ही तिसरी नोंद टप्पा ५ मध्ये कामाला येईल.

*सावधान:* कलम ७४, ७५, १२१, १२२, २११ आणि २१२ नकाशाच्या कडेला कायम लिहून ठेवा. न्यायाधीशांच्या वर्तनावर सभागृहात चर्चा नको, आणि सभागृहाच्या कामकाजात कार्यपद्धतीच्या दोषावरून न्यायालयाचा हस्तक्षेप नको, ही कुंपणं याच कलमांत आहेत. त्यांना नकळत धक्का लागला तर मूळ बदल बाजूला राहतो आणि वाद तिथंच पेटतो.

टप्पा ३. मार्ग ठरवा: संसद पुरेशी की राज्यंही हवीत

सर्वात महाग चूक इथं होते. कलम ३६८(२) खाली दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत पुरतं. दुसऱ्यात त्यानंतर निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. दुसरा मार्ग केव्हा लागतो त्याची यादी परंतुकात आहे. ती पाठच करावी अशी आहे:

(क) कलम ५४, ५५, ७३, १६२, २४१ आणि २७९क;
(ख) भाग ५ मधलं प्रकरण ४ (सर्वोच्च न्यायालय), भाग ६ मधलं प्रकरण ५ (उच्च न्यायालयं), भाग ११ मधलं प्रकरण १ (केंद्र आणि राज्यांचे कायदे करण्याचे अधिकार);
(ग) सातव्या अनुसूचीतली कोणतीही सूची;
(घ) संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व;
(ङ) खुद्द कलम ३६८.

यादीत काय नाही तेही पाहा. मंत्रिमंडळाविषयीची ७४ आणि ७५, वटहुकुमाची १२३ आणि २१३, राज्यपालांच्या संमतीचं २००, निवडणूक आयोगाचं ३२४, पक्षांतराची दहावी अनुसूची. यांत बदल करायला राज्यांची मंजुरी लागत नाही, निदान वरवर तरी.

‘वरवर’ म्हणायचं कारण असं की न्यायालय परिणामही पाहतं. पक्षांतरबंदी आणणाऱ्या १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीनं दहाव्या अनुसूचीतल्या परिच्छेद ७ मध्ये लिहिलं की अपात्रतेच्या प्रश्नात न्यायालयांना अधिकार नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना अधिकार देणाऱ्या कलम १३६, २२६ आणि २२७ यांच्या शब्दांना तिनं हातही लावला नव्हता. तरी १९९२ मध्ये किहोटो होलोहन खटल्यात न्यायालयानं म्हटलं की परिणामानं ही कलमं बदलली, राज्यांची मंजुरी घेतली नाही, म्हणून परिच्छेद ७ रद्द.

महाराष्ट्रातल्या वाचकांना दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटेल. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या दुरुस्तीनं घटनेत भाग ९ख घातला. ‘सहकारी संस्था’ हा विषय राज्यसूचीतला. सूचीच्या शब्दांना दुरुस्तीनं हात लावला नाही, पण राज्यांचा कायदा करण्याचा अधिकार आकसला. दुरुस्ती लागू झाली म्हणून २०१३ मध्ये महाराष्ट्रानं आपला सहकारी संस्था अधिनियमही बदलून घेतला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांची मंजुरी नसल्यामुळे भाग ९ख राज्यांमधल्या सहकारी संस्थांपुरता रद्द केला. तो फक्त बहुराज्य सहकारी संस्थांना लागू राहिला. मार्ग चुकला की किती जणांना कायदे उलटसुलट करावे लागतात ते पाहा.

आपल्या उदाहरणात बंदी कलम १२३, २१३ आणि २३९ख मध्ये लिहिली तर पहिला मार्ग पुरतो. मात्र कुणी उत्साहात ‘वटहुकूम काढण्याची गरज होती की नाही हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात उपस्थित करता येणार नाही’ असं वाक्य घातलं, तर कलम १३६ आणि २२६ आकसतात आणि तुम्ही थेट किहोटोच्या वाटेवर जाता. असा खंड १९७५ च्या ३८ व्या दुरुस्तीनं घातला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो काढला. पुन्हा आणू नका.

*तपासणी:* मसुद्यातलं प्रत्येक वाक्य वाचून दोनच प्रश्न विचारा. यामुळे एखाद्या न्यायालयाचा अधिकार घटतो का? यामुळे एखाद्या राज्याचा कायदा करण्याचा अधिकार घटतो का? एकाचंही उत्तर ‘कदाचित’ असेल तर राज्यांचा मार्ग धरा. वेळ जास्त जाईल, पण दहा वर्षांनी दुरुस्ती कोसळण्यापेक्षा ते परवडतं.

टप्पा ४. मूलभूत संरचनेची चाचणी, मजकूर लिहिण्याआधी

१९७३ च्या केशवानंद भारती निकालानं सात विरुद्ध सहा मतानं ठरवलं की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत संरचना मोडू शकत नाही. सत्ताविभाजनाच्या कामात या तत्त्वाचा अर्थ चार प्रश्नांत मावतो.

एक: न्यायालयीन पुनर्विलोकन शिल्लक राहतं का? १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं कलम ३६८ मध्ये खंड (४) आणि (५) घालून घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच नको असं म्हटलं. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० मध्ये ते रद्द झाले. त्याच दुरुस्तीतून आलेल्या कलम ३२३क आणि ३२३ख यांमधला, उच्च न्यायालयांना वगळणारा भाग १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात गेला. न्यायाधिकरण नेमा, पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या कलम २२६ आणि ३२ ला पर्याय म्हणून नाही.

दोन: एखाद्या विशिष्ट वादाचा निकाल आपण दुरुस्तीतूनच लावतोय का? १९७५ च्या ३९ व्या दुरुस्तीनं कलम ३२९क घालून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा चालू खटला संपवायचा प्रयत्न केला. त्यातला खंड (४) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. सर्वांना लागू होणारा नियम करणं हे विधिमंडळाचं काम. पक्षकारांचं ऐकून न घेता एका खटल्याचा निकाल लावणं हे नाही. साध्या कायद्यांनाही हेच लागू: मुल्लपेरियार धरणाची पाणीपातळी निकालाच्या विरोधात कमी ठरवणारी केरळच्या कायद्यातली तरतूद २०१४ मध्ये याच कारणानं गेली.

तीन: काढून घेतलेल्या प्रत्येक अंकुशाच्या जागी दुसरा अंकुश आहे का? न्यायिक नियुक्ती आयोग इथंच अडला. सहा सदस्य होते: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन ‘प्रतिष्ठित व्यक्ती’. त्या व्यक्तींची पात्रता काय असावी हे मजकुरात स्पष्ट नव्हतं, आणि सोबतच्या कायद्यानुसार कोणतेही दोन सदस्य नाव अडवू शकत होते. तिन्ही न्यायाधीश एकमतानं उभे राहिले तरी नेमणूक रोखता आली असती. बहुमतानं हे न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याला बाधक मानलं. समितीची रचना लिहिताना मतांची प्रत्येक शक्य जुळणी मांडून पाहा. सहा सदस्यांच्या समितीत ते काम एका दुपारचं आहे.

चार: ‘संसद कायद्यानं ठरवील’ असं कुठं कुठं लिहिलं आहे? तिथला तपशील पुढचं साधं बहुमत बदलू शकतं. निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीत तसंच झालं. मार्च २०२३ मध्ये न्यायालयानं, संसद कायदा करेपर्यंत, पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशी निवडसमिती घालून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेनं कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आले. कलम ३२४(२) मध्ये मुळातच कायद्याची मोकळीक असल्यामुळे त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही. तुमच्या रचनेचा कणा असलेली गोष्ट घटनेच्या मजकुरातच ठेवा. शुल्क, नमुने, बैठकीची सूचना असल्या गोष्टी कायद्यावर सोडा.

टप्पा ५. मसुदा लिहा आणि मग तो फोडून पाहा

आता कुठं लेखणी हातात घ्यायची. कलम १२३ साठीचा पहिला प्रयत्न साधारण असा असतो:

‘ज्या अध्यादेशाचा अंमल समाप्त झाला असेल, तो अध्यादेश पुन्हा प्रख्यापित करता येणार नाही.’

वाचायला बरं वाटतं, पण याला तीन भोकं आहेत. पुन्हा काढलेला वटहुकूम बहुतेक वेळा जुना संपायच्या आतच येतो, म्हणजे ‘समाप्त’ ही अटच लागू होत नाही. दुसरं, सरकार जुना वटहुकूम आदल्या दिवशी मागे घेईल. मागे घेणं म्हणजे समाप्त होणं नव्हे असा युक्तिवाद होईल. तिसरं, एक पोटकलम बदलून ‘हा वेगळाच वटहुकूम आहे’ असं सांगता येईल. तिन्ही बुजवल्यावर मजकूर असा होतो:

‘(२क) एखादा अध्यादेश प्रख्यापित झाल्यानंतर संसदेची बैठक पुन्हा सुरू झाली असेल तर, तो अध्यादेश अंमलात असो, समाप्त झालेला असो किंवा मागे घेण्यात आलेला असो, सारतः त्याच तरतुदी असलेला दुसरा अध्यादेश, अशी बैठक सुरू झाल्याच्या दिनांकापासून बारा महिने पूर्ण होईपर्यंत प्रख्यापित करता येणार नाही.’

खाली स्पष्टीकरण जोडा: दोन सभागृहांची बैठक वेगवेगळ्या दिवशी सुरू झाली तर नंतरचा दिनांक धरावा. ही पद्धत कलम १२३ मधल्या सध्याच्या स्पष्टीकरणाशी जुळते. हाच खंड कलम २१३ मध्ये घालताना, विधान परिषद असलेल्या राज्यांसाठी (महाराष्ट्र त्यातलंच) दोन्ही सभागृहांचा उल्लेख करा; एकच सभागृह असलेल्या राज्यांसाठी वेगळे शब्द लागतात. आंधळेपणानं नक्कल केलेला खंड इथंच फसतो.

बारा महिनेच का, याचंही कारण लिहून ठेवा. एका वर्षात किमान दोनदा तरी संसद भरावीच लागते, तेव्हा विधेयक मांडायची संधी सरकारला नक्की मिळते. समितीत कुणी सहा महिने सुचवलं तर ते का अपुरं, हे तुम्हाला लगेच सांगता आलं पाहिजे.

मसुद्याच्या बांधणीविषयी आणखी थोडं. वेगळा करता येण्यासारखा प्रत्येक बदल वेगळ्या खंडात लिहा. घटनादुरुस्ती विधेयकात खंडांवर विशेष बहुमतानं मतदान होतं. एक खंड पडला तर बाकीचे उभे राहावेत, आणि न्यायालयानं एक रद्द केला तरी उरलेले टिकावेत. जुन्या वटहुकुमांचं काय, यासाठी व्यावृत्तीचा खंड घाला: अंमलाच्या दिवशी चालू असलेल्या वटहुकुमांना नवा नियम लागू की नाही, हे मोघम ठेवू नका.

*सावधान:* अंमलाचा दिनांक ‘केंद्र शासन अधिसूचनेद्वारे ठरवील तो’ असा लिहिण्याआधी ४४ व्या दुरुस्तीचा कलम ३ आठवा. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर अंकुश घालणारी ती तरतूद १९७८ साली मंजूर झाली. अधिसूचना न निघाल्यानं ती कधीच लागू झाली नाही, आणि सरकारला अधिसूचना काढायला भाग पाडण्यास न्यायालयानंही नकार दिला. ज्या सरकारला अंकुश लावायचा, त्याच्याच हातात अंमलाची किल्ली देऊ नका. ‘राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर नव्वदाव्या दिवशी’ असं लिहा.

टप्पा ६. जोडपत्रं आणि मांडणी

उद्देश व कारणांचं निवेदन, खर्च असेल तर वित्तीय ज्ञापन, नियम करण्याचा अधिकार दिला असेल तर त्याचं ज्ञापन. संचित निधीतून खर्च होणार असेल तर कलम ११७(३) खाली राष्ट्रपतींची शिफारस. कलम ३६८ खालचं विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येतं.

खासगी सदस्याचं विधेयक असेल तर लोकसभेत एक महिन्याची सूचना द्यावी लागते, आणि घटनादुरुस्तीचं विधेयक मांडण्याआधी खासगी सदस्यांच्या विधेयकांची समिती ते तपासते. वास्तव हेही माहीत असू द्या: १९७० नंतर कोणत्याही खासगी सदस्याचं विधेयक कायदा झालेलं नाही. अशा विधेयकाचा उपयोग चर्चा घडवायला, सरकारकडून लेखी भूमिका काढून घ्यायला आणि पुढे सरकारी विधेयकात वापरता येईल असा तयार मजकूर ठेवायला होतो. म्हणून मजकूर पक्का असणं जास्तच गरजेचं.

टप्पा ७. मतांचं गणित

विशेष बहुमतात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं. एकूण सदस्यसंख्येत रिकाम्या जागाही धरतात. लोकसभेच्या ५४३ जागांसाठी पहिली अट २७२, राज्यसभेच्या २४५ साठी १२३.

लोकसभेत मतदान करणारे ४०८ किंवा कमी असतील तर २७२ हाच आकडा निर्णायक. त्याहून जास्त झाले की दोन तृतीयांशची अट वर जाते: ४५० असतील तर ३००, ५०० असतील तर ३३४, सगळे ५४३ असतील तर ३६२. अपूर्णांक नेहमी वर न्यायचा. हा बारकावा नाही, यात विधेयकं पडतात. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारं विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असं पडलं. २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे १५० हवी होती.

तटस्थ राहणारे मतदान करणाऱ्यांत धरले जात नाहीत. म्हणून एखादा पक्ष विरोधात जाण्याऐवजी तटस्थ राहिला तरी दोन तृतीयांशचा आकडा खाली येतो. पहिली अट मात्र जागची हलत नाही.

*सावधान:* मांडणीच्या वेळचं मतदान म्हणजे मंजुरीची खात्री नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडलं गेलं, कारण मांडायला साधं बहुमत पुरतं. तेच ४६७ सदस्य अंतिम मतदानाला असते तर ३१२ लागले असते.

दोन सभागृहांत मतभेद झाले तर संयुक्त बैठक नाही. कलम १०८ ची सोय घटनादुरुस्तीला लागू होत नाही. एका सभागृहानं बदल केला तर विधेयक दुसऱ्याकडे परत जातं आणि तिथं पुन्हा विशेष बहुमत लागतं. १९७८ मध्ये राज्यसभेनं जनता सरकारच्या विधेयकातले काही खंड गाळले. मूलभूत वैशिष्ट्यं बदलण्याआधी जनमत घेण्याचा खंड त्यातलाच. लोकसभेला उरलेलं विधेयक तसंच स्वीकारावं लागलं. कोणता खंड गेला तरी चालेल आणि कोणता गेला तर विधेयकच मागे घ्यायचं, हे मतदानाच्या आधी लिहून ठेवा.

टप्पा ८. राज्यांची मंजुरी (लागत असेल तर)

सध्या २८ राज्यं आहेत, म्हणजे किमान १४ विधिमंडळांचे ठराव. ठराव साध्या बहुमतानं होतो. विधान परिषद असेल तिथं दोन्ही सभागृहांत. वस्तू आणि सेवा कराच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्रानं ऑगस्ट २०१६ मध्ये विशेष अधिवेशन बोलावलं होतं. राज्य मजकुरात बदल सुचवून मंजुरी देऊ शकत नाही: संसदेनं मंजूर केलेला मजकूर स्वीकारायचा किंवा नाही. त्यामुळे राज्यांशी बोलणी संसदेतल्या मतदानाच्या आधी करायची असतात, नंतर नव्हे. कलम ३६८ मध्ये मुदत नाही, तेव्हा अधिवेशनांच्या तारखा हाताशी ठेवून प्रत्येक राज्याचा पाठपुरावा करावा लागतो.

टप्पा ९. अनुमती आणि पहिला दिवस

राज्यांची मंजुरी लागत असेल तर ती मिळाल्यावरच विधेयक राष्ट्रपतींकडे जातं. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतींना अनुमती द्यावीच लागते. कलम १११ सारखं विधेयक परत पाठवण्याची सोय इथं नाही. विधेयकाचा क्रमांक आणि अधिनियमाचा क्रमांक वेगळे असतात: १२२ वं विधेयक १०१ वी दुरुस्ती झालं. संदर्भ देताना हे तपासा.

अंमलाच्या दिवसाआधी तीन कामं उरकलेली हवीत. वटहुकुमांविषयीच्या सभागृहांच्या नियमांत नव्या खंडाला जुळणारे बदल. विधी विभागाकडे एक नोंदवही: प्रत्येक वटहुकूम, त्याच्या तरतुदींचा गोषवारा, बैठक सुरू झाल्याचा दिनांक आणि बारा महिने कधी संपतात ती तारीख. आणि मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या वटहुकुमाच्या टिपणीत एक नवा परिच्छेद, ज्यात संबंधित सचिवानं सहीनिशी लिहायचं की मागच्या बारा महिन्यांत सारतः याच तरतुदींचा वटहुकूम सभागृहापुढे येऊन गेलेला नाही. हा परिच्छेद नसेल तर टिपणी मंत्रिमंडळ सचिवालयानं परत पाठवायची.